हिवरतळच्या म्हसोबाची ओटी

बोरखिंडीच्या बाजारात हिवरतळचा माणूस कुणी ओळखला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय पाव्हणं, तुमच्या म्हसोबाला चोळी कुठल्या मापाची बसती?" आणि हिवरतळचा माणूस खाली मान घालून वांगी निवडायला लागतो. बोलणार तरी काय? म्हसोबा म्हणजे मिशीवाला देव, जत्रेला बोकड घेणारा. त्याची ओटी जगात कुणी भरत नाही. हिवरतळात मात्र भरतात. नवी सून अंगाची हळद उतरायच्या आत ओढ्याकाठी जाते आणि म्हसोबापुढं खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या ठेवून येते. का, ते कुणाला विचारू नका. सासूनं केलं म्हणून सुनेनं करायचं, एवढंच गावाला ठाऊक.

अनसाबाई गुरवीण सून होऊन आली तेव्हा तिनंही ओटी भरली होती. भरताना तिला हसू फुटलं, तेव्हा सासूनं दंडाला असा चिमटा काढला की पुढं चार दिवस ती हसली नाही. तिचं घर गुरवाचं, म्हणजे देवाच्या पूजेचा मान घरातच. नवरा गेनबा माणूस अबोल. दर रविवारी तो वाटीत शेंदूर आणि तेल घ्यायचा आणि इतका वेळ कालवत बसायचा की बघणाऱ्याला झोप यावी. मग देवाच्या पायापासून वर वर लावत जायचा आणि शेवटी कपाळावर अंगठा दाबायचा. अनसाबाई शेजारी वाती वळत बसायची. बोलणं काही व्हायचं नाही, पण तिचा सगळा संसार खरं तर त्या रविवारांतच झाला.

तिला मूल झालं नाही. गावात याचं जे काय होतं ते झालंच. कुणी उपास सांगितले, कुणी नवऱ्याला दुसरी करायला सांगितलं. गेनबानं ते एका कानानं ऐकलं आणि शेंदूर कालवत राहिला. अनसाबाई मात्र दुसऱ्याची पोरं नाहायला घालायला धावायची. बाळंतिणीच्या घरी न बोलावता जायची, पायांवर पोर आडवं घेऊन तेल चोळायची. गेनबा तापानं गेला आणि तेही बंद झालं. कपाळ पांढरं झालेल्या बाईला बारशाला कोण बोलावतं? कुणाची ओटी भरायची सोय राहिली नाही आणि तिची कुणी भरण्याचा तर प्रश्नच नव्हता.

रीतीनं पूजेचा मान पुतण्याकडं, म्हादूकडं जायचा. पण म्हादू एस.टी.त कंडक्टर आणि रविवारी गाड्यांना गर्दी. "काकू, सध्या तूच लाव, मी सवड काढतो," म्हणाला. ती सवड काही निघाली नाही. पहिल्या रविवारी अनसाबाई वाटी घेऊन निघाली तेव्हा पारावरची माणसं कुजबुजली, म्हसोबाला बाईचा हात चालतो का म्हणून. दुसऱ्या रविवारी कमी कुजबुजली. पुढं सवय झाली. गावाचं असंच असतं, आधी धर्म बुडतो आणि मग जेवायची वेळ होते.

म्हसोबा चौथऱ्यावर बसलेला, रांजणासारखा रुंद. पितळेच्या मिशा, चांदीचे डोळे. कपाळापर्यंत हात पोचायला अनसाबाई पाट घ्यायची. लावता लावता बोलायची त्याच्याशी. "बसलात नुसतं आरामात. माझ्या गुडघ्याचं बघा जरा." गेनबाशी जे बोलायचं राहिलं ते सगळं म्हसोबानं ऐकून घेतलं. शेंदराचा वरचा पदर तिचा, त्याच्या खालचा गेनबाचा, हे तिला माहीत होतं. त्या अंगावर हात फिरवताना आपण कुणाच्या हातावर हात ठेवतोय, ते ती कुणाला सांगत नव्हती.

त्या उन्हाळ्यात ओढ्याकाठचा रस्ता डांबरी झाला. रोलर दोन दिवस धडधडत होता. तिसऱ्या दिवशी अनसाबाई दिवा लावायला गेली तर देवाच्या कपाळापासून पोटापर्यंत भेग. बोट जाईल एवढी. तिच्या हातातली वात खाली पडली. आपण शेंदूर पातळ कालवला का, तेल कमी पडलं का, तिनं आधी स्वतःलाच धारेवर धरलं.

गाव गोळा झालं. देवानं खोळ टाकायला काढलीय म्हणाले. शेंदराचे थर साचून साचून कधी काळी निखळतात आणि आतला मूळ देव दिसतो, हे ऐकून सगळ्यांना ठाऊक होतं. आता आत कोण, यावर पैजा लागायचंच बाकी राहिलं. दिनकरअण्णा मात्र ठाम. अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, देवळाच्या समितीचे अध्यक्ष, माणूस सरळ पण एकदा बोलले की झालं. पाठीमागचा फुगवटा दाखवून ते म्हणाले, "हे शेपूट आहे. आत मारुती आहे." मारुती निघाला म्हणजे बोकड बंद, ओटी बंद, बोरखिंडीची तोंडं बंद. वर स्लॅबचं देऊळ, शनिवारी आरती. धनगरवाड्याचा बिरूबा म्हणाला की आमचं बोकड कुठं न्यायचं मग? अण्णा म्हणाले, घरी शिजवा.

संध्याकाळी अण्णा अनसाबाईच्या दारात आले. आत आले नाहीत, पायरीवरच बसले. वाईट सांगायला आलेला माणूस बसतो कसा, ते तिला कळायचं. त्यांनी गुडघ्याची चौकशी केली, गेनबाची आठवण काढली आणि मग म्हणाले, "आक्का, मारुती ब्रह्मचारी देव. त्याला बाईचा हात लागून चालायचं न्हाई. तुम्ही बाहेरची झाडलोट बघा. मान ठेवू आम्ही तुमचा."

"बरं," अनसाबाई म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? अण्णा गेल्यावर तिनं चूल पेटवली, भाकरी थापली आणि ती तव्यावर करपेपर्यंत तशीच बघत बसली. मरणाची भीती तिला कधी वाटली नव्हती. पण रविवार आला आणि हाताला वाटी नसली तर त्या हातांनी करायचं काय, याची वाटली. मारुतीवर तिचा राग नव्हता. पण त्यानं येऊ नये, असं तिनं म्हसोबाला हात जोडून सांगितलं. देवाविरुद्ध देवाकडंच तक्रार. पण दुसरं कोण होतं तिला?

शनिवारची सकाळ अण्णांनीच धरली. म्हादूनं रजा काढली होती, कारण खोळ गुरवाच्या हातानंच काढायची असते. तिचा तुकडा जमिनीला लागता कामा नये, सगळा गोळा करून डोहात सोडायचा असतो. म्हणून चौथऱ्याखाली अनसाबाई पाय दुमडून बसली, गेनबाचं धुतलेलं धोतर पुढ्यात पसरून. निदान आज तरी हे काम तिचं, असं म्हादूच म्हणाला. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. सगळ्यांत पुढं अण्णांची आई रुक्माक्का, काठी टेकून. सबंध गावात अनसाबाईला नुसत्या नावानं हाक मारणारी तेवढी एकच उरली होती. नातसून नवी होती, तिनं म्हसोबाची ओटी भरायची राहिली होती, म्हणून म्हातारीनं सूप बरोबर आणलं होतं. लेकाच्या मारुतीनं बंदी घालायच्या आत उरकून घ्यावं, असा तिचा हिशेब.

म्हादूनं भेगेत बोटं घातली आणि पहिला पापुद्रा सुटला. मिशा आणि चांदीचे डोळे तसेच्या तसे धोतरावर आले. वरून केशरी, आतून गर्द तांबडा. त्या तांबड्या बाजूला अंगठ्याचा ठसा होता, रुंद. अनसाबाईनं तो तुकडा इतरांपासून जरा वेगळा ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

खालचे जुने पापुद्रेही निघत गेले, आणि मग म्हादू थांबला. वाकून बघू लागला आणि बाजूला सरला. आतल्या थरावर दुसरेच डोळे होते, कवड्यांचे. खाली मिशा नव्हत्या. शेंदरात रुतून बसलेली पितळेची नथ होती आणि छातीशी हिरव्या बांगड्यांचे तुकडे, ओळीनं.

 बायकांतून एक हुंदका आला. रुक्माक्का काठी टेकत पुढं झाली आणि तिनं त्या नथीकडं बघून हात जोडले. "बया गं," ती म्हणाली, "तू व्हतीस व्हय. आम्ही ओटी भरत व्हतो, आन् कुणाची ते आमालाच ठाव न्हवतं."

बोरखिंडीच्या बाजारात मान खाली घालून इतक्या पिढ्यांनी वांगी निवडली, ती सगळी माणसं आज तिथं हवी होती. कधी तरी इथं आई होती. मग कुणी तरी मिशा लावल्या. पटकी आली असेल, नाही तर कुणा पाटलाच्या स्वप्नात म्हसोबाचा रेडा आला असेल, कोण सांगणार? देवीचा देव झाला आणि पुरुष ते विसरून गेले. बायकांनी लक्षात ठेवलं असंही नाही. त्या फक्त करत राहिल्या.

अण्णांचा चेहरा पडला होता, पण त्यांनी हिंमत सोडली नाही. हाही थरच आहे, म्हणाले, मूर्ती याच्या आत असणार. फुगवटा अजून शिल्लक होता. म्हादूनं काकूकडं बघितलं. अनसाबाईनं मानेनंच, काढ म्हणून सांगितलं. नथ, कवड्या, बांगड्या, सगळं धोतरावर आलं. फुगवटाही सुटला आणि तो नुसता शेंदूरच निघाला. पुढं थर काळपट होत गेले, विटेसारखे. त्यांना डोळे नव्हते, नाक नव्हतं. रांजण होता त्याची घागर झाली, घागरीचा तांब्या. आणि शेवटी म्हादूच्या हातात ओढ्यातला एक गोल, काळा, बिनघडणीचा दगड राहिला, नुसता तांदळा. नारळाएवढा. त्याच्या माथ्यावर कुणी तरी लावलेलं लाल बोट.

"मूर्ती?" अण्णांनी विचारलं.

"हीच," म्हादू म्हणाला. "संपलं."

एवढा मोठा देव, बोकड घेणारा, सुनांना आशीर्वाद देणारा, आणि आत हा एवढासा. बाकी सगळं माणसांच्या हातांनी लावलेलं. काही माणसं गोंधळली. बिरूबानं मात्र मुंडासं काढून जमिनीला डोकं टेकलं, त्याला देवाच्या मापाशी काही देणंघेणं नव्हतं.

आता अडचण अशी झाली, की म्हादूचे दोन्ही हात गुंतलेले. चौथऱ्यावर ढलप्यांचा खच पडलेला, तिथं ठेवता येईना. जमिनीला टेकवायचा नाही. अवघडून उभा राहिलेल्या म्हादूनं इकडंतिकडं बघितलं आणि खाली वाकून तांदळा सरळ काकूच्या मांडीवर ठेवला. अनसाबाईनं हातातलं धोतराचं टोक सोडलं आणि पदर पुढं घेतला. घ्यावाच लागला, नाही तर घरंगळला असता.

दगड गार होता, आणि दिसत होता त्यापेक्षा जड. ती हलेना. इतकी वर्षं पाटावर चढून, टाचा उंचावून ती ज्याच्या कपाळाला शेंदूर लावायची, तो तिच्या पदरात पडून होता.

"आक्का," अण्णा म्हणाले, "जरा तो..." आणि पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला. मारुती नव्हता. मग ब्रह्मचारीही नव्हता. हात लावू नको म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

रुक्माक्कानं नातसुनेच्या हातातलं सूप ओढून घेतलं. मुठीत तांदूळ घेतले आणि अनसाबाईच्या पदरात, दगडाच्या कडेनं सोडले. विधवेच्या पदरात. दोघी-तिघी बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. म्हातारीनं तिकडं लक्ष दिलं नाही.

"अनसे," ती म्हणाली, "तुझी ओटी भरली गं."

अनसाबाई रडली. गेनबा गेला तेव्हाही ती अशी चारचौघांत रडली नव्हती. कुणी तिला उगी उगी म्हटलं नाही, रडू दिलं. मग तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले, एक पाय लांब केला आणि म्हादूला तेलाची वाटी मागितली. बोटं बुडवून तिनं तांदळ्याला तेल चोळायला सुरुवात केली. आधी माथा, मग पाठ, मग कडेकडेनं, बाळंतिणीच्या घरी चोळायची तसं.

 अण्णांनी चपला काढल्या, शेंदराची पुडी उचलली आणि तिच्यापुढं येऊन उकिडवे बसले. पुडी स्वतः उलगडून धरली. तरी एक शंका त्यांनी काढलीच, कारण माणूस नियमाचा.

"आक्का, आज शनिवार हाय. म्हसोबाला रविवार लागतो, देवीला मंगळवार. आज चालंल का?"

अनसाबाईनं मांडीवर बघितलं.

"एवढ्याशाला वार काय कळतोय?" ती म्हणाली, आणि शेंदरात अंगठा बुडवला.