ओडेटच्या वहीतले आकडे

ओडेट शियासन कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावर शाळेची बस चालवायची. एकोणिसाव्या वर्षी तिला क्रोन्सचं निदान झालं. आतड्याला कायमची सूज, पोटात मुरडा, दिवसातून दहा-दहा वेळा शौचाला जावं लागायचं. बसवर असली की ती काहीच खात नसे. चर्चच्या जेवणात सगळ्यांना वाढत फिरायची, म्हणजे तिचं ताट रिकामं आहे हे कुणाच्या लक्षात येत नसे. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मी मजेत."

नव्या औषधाच्या चाचणीसाठी ती हॅलिफॅक्सला आली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. मी त्या चाचणीवरची नर्स. खरं औषध कुणाला आणि नुसतं मिठाचं पाणी कुणाला टोचतोय, हे आम्हालाही ठाऊक नसायचं. किती वेळा जावं लागलं, हे पेशंटनं रोज वहीत लिहायचं. ओडेटचे आकडे उतरत गेले. आठ, पाच, दोन. डॉक्टर खूश होते.

मग तिच्या शौचाच्या तपासणीचा अहवाल आला. सूज वाढली होती. वजनही चार किलोनं उतरलं होतं.

"ओडेट, हे दोन खरंच दोन आहेत का?"

तिनं वही मिटली. "अकरा. डॉक्टर इतक्या आशेनं बघतात गं. आणि तीस वर्षांची सवय, हात आपसूक तसाच चालला."

"मलाही दोनच सांगत होतीस," शेजारी बसलेला तिचा नवरा ल्यूक हळूच म्हणाला.

"तू रडत बसतोस."

मी म्हटलं, "तुझ्या दोनावर विसंबून उद्या दुसऱ्या कुणाला हेच औषध देतील."

तिनं पेन मागितलं. जुन्या नोंदी खोडता येत नाहीत. चुकीच्या असल्याचा शेरा लिहून प्रत्येकीखाली तिनं सही केली.

चाचणी तिला सोडावी लागली. त्याच महिन्यात शस्त्रक्रिया झाली. काढलेलं हातभर आतडं तिनं आमच्या प्रयोगशाळेला दिलं.

दोन वर्षांनी चाचणीचा निकाल लागला. तो ऐकायला ती ल्यूकबरोबर आली. तिला खरं औषधच मिळत होतं. ते तिला लागू पडलं नव्हतं. इतर बऱ्याच जणांना पडलं.

"मग मला कशात धरलं?" तिनं विचारलं.

"ज्यांना उपयोग झाला नाही, त्यांच्यात."

"बरोबर आहे," ती म्हणाली. ल्यूकनं तिचा कोट पुढे धरला. घर पाच तासांवर होतं. गाडी तिनंच चालवली.