शेजाऱ्यांचं ऊन

आपल्याकडे उन्हाळा कमी पडतो, याचं दुःख झालेला नाशिकमधला मी बहुधा एकमेव गृहस्थ असेन.

मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या काही हवामानशास्त्रज्ञांनी आमच्या केतकीच्या शाळेतल्या नववीच्या मुलींना संशोधनात सामील करून घेतलं. गच्चीवर झडपांची पांढरी लाकडी पेटी, आत तापमापक. शाळेतून आल्यावर आकडा वहीत लिहायचा. ज्या मुलीची वही उत्तम, ती पुण्याला शास्त्रज्ञांसमोर बोलणार. आमच्या गल्लीत दोन पेट्या आल्या. एक केतकीला आणि दुसरी, दुर्दैवाने, शेजारच्या गायधनींच्या मंजूला.

"काय हो, आज किती?" गायधनींनी पहिल्याच दिवशी कठड्यावरून विचारलं.

"अडतीस."

"बस्स? आमच्याकडे चाळीस!" (जणू वरचे दोन अंश त्यांनी स्वतः कमावले होते!) "असू द्या. केतकीलाही जमेल हळूहळू."

मला जेवण गेलं नाही. भिंत एक, सूर्य एक, आणि चाळीस त्यांच्याकडे?

"अहो, आपल्या गच्चीवर कडुनिंबाची सावली आहे," बायको म्हणाली. "लोकांना हेवा वाटतो तिचा."

"गायधनींना वाटत नाहीये ना! तेच तर दुखणं आहे."

दुसऱ्या दिवशी केतकी शाळेत गेल्यावर मी पेटी हळूच उन्हात सरकवली. एक्केचाळीस! गायधनींनी बेचाळीस सांगितले. मी पेटी जिन्यावरच्या पत्र्याला टेकवली. चव्वेचाळीस! शेवटी मी तिला घेऊन पत्र्यावरच चढलो. सत्तेचाळीस!! गायधनींचा उतरलेला चेहरा पाहून इतका गारवा वाटला, की मी घरातला पंखा बंद केला.

"बाबा, पेटी हलवायची नसते," केतकी म्हणाली.

"वाऱ्याने हलली असेल गं."

"हो का? वारा चपला विसरून गेलाय तिथे."

आकडे रोज शाळेतून फोनने पुण्याला जात होते. आठवड्याने तिथल्या शास्त्रज्ञ मॅडम स्वतः आल्या. "मालेगावला मागे टाकणारी गच्ची बघायची होती," म्हणाल्या. मी मुद्दाम गायधनींनाही पोहे खायला बोलावलं. मॅडमनी केतकीची वही उघडली आणि शेऱ्याचा रकाना मोठ्याने वाचला:

"बाबांनी पेटी उन्हात नेली. वाढ तीन अंश. बाबांनी पेटी पत्र्याला टेकवली. आणखी तीन. बाबा पत्र्यावर चढले. आणखी तीन. बाबा खूश."

गायधनींना पोह्यांचा ठसका लागला. वही बाद होणार, पोरीचं पुणं माझ्यामुळे बुडणार! मी घाईघाईने म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे, तिची नाही."

"ते लिहिलंच आहे तिने," मॅडम म्हणाल्या. "तापमान का वाढलं, याची इतकी प्रामाणिक नोंद मी क्वचितच पाहिली. हीच येणार पुण्याला."

गायधनींचा ठसका थांबला. "मंजू," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या वहीत मी कुठेच कसा नाही गं?"

पुण्याच्या सभागृहात केतकीने आलेख दाखवला. वर चढत जाणारी लाल रेघ आणि तीन ठिकाणी बाण: "बाबा", "बाबा", "बाबा". तापमानवाढ माणसामुळे होते की नाही, यावर तेव्हा जगात वाद चालू होता. आमच्या घरात तो मिटला. कोणत्या माणसामुळे, तेही ठरलं!