न दाखवलेला फोटो

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर मुरारी उतेकरचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे वीस वर्षं या माणसाचा हट्ट मी अगदी जवळून सोसतो आहे. पोटासाठी तो पासपोर्ट फोटो आणि लग्नं करतो. पण एखाद्या वाडीत जुना दगडी देव आहे असं कानावर आलं, की गिऱ्हाईक दारात सोडून फिल्मचा कॅमेरा उचलतो आणि निघतो. मागे गिऱ्हाइकाची समजूत मी घालायची.

देवांचे फोटो तो फक्त ब्लॅक अँड व्हाइट काढतो. मी एकदा म्हटलं, मोबाईलवर रंगीत फुकट निघतात की. तर म्हणाला, "रंगीतात शेंदूर दिसतो, हार दिसतो, मागच्या टाइल्स दिसतात. कारागिरानं काय केलंय ते नाय दिसत." फ्लॅशही मारत नाही. घरची ॲल्युमिनियमची परात नेतो, दारातलं ऊन तिच्यावर झेलून गाभाऱ्यात वळवतो. परात धरायला अर्थात मी. एका नरसिंहापुढे अडीच तास उभा होतो, तोंडाने शिव्या चालू होत्या. फोटो धुऊन आला तो मी दारातल्या उजेडात नेऊन पाहिला. मांडीवरच्या हिरण्यकशिपूच्या पायाची बोटंसुद्धा भीतीने आखडलेली होती. रोज पूजा करणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं.

गेल्या वैशाखात आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीतून बातमी आली. तिथली काळकाई म्हणजे रेड्याला मारणारी महिषासुरमर्दिनी, पिढ्यान्‌पिढ्या शेंदराखाली बुजलेली. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने संगमरवरी मूर्ती आणली होती. जुनीचा डावा हात कोपराखाली दिसत नव्हता, म्हणजे तुटलेला, म्हणजे मूर्ती खंडित. सोमवारी तिचं सावित्री नदीत विसर्जन ठरलं होतं.

मुरारीने शटर ओढलं. त्याच्या मोटरसायकलवर मी मागे बसलो. वाटेत त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं, की सोळा वर्षांपूर्वी तो तिथे असताना देवीच्या शेंदराची जाड खोळ आपोआप गळून पडली होती. भागोजी गुरव दार लावून नवा शेंदूर तेलात कालवत होता. मुरारीने हातापाया पडून त्याला गळ घातली. भागोजी म्हणाला, "एकच काढ. पन कुनाला दाखवू नको. आई उघडी हाय."

"मग? त्यात हात आहे?"

"हाय. अख्खा हाय. बॅगेत हाय फोटो."

"मग झालं तर! दाखव आणि मोकळा हो."

"भागोजी वारला ना. आता शब्दातून सोडव म्हणून कुणाला सांगू?"

मला असा राग आला की चालत्या गाडीवरून उतरावंसं वाटलं.

देवळात सगळी वाडी जमली होती. मंडळाचा सेक्रेटरी राजेश माणूस वाईट नव्हता, गावाचं भलं व्हावं हीच त्याची इच्छा. "खंडित मूर्ती पुजायची नसते," तो म्हणाला, आणि म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मी मुरारीला कोपराने ढोसलं. तो उठला.

"हात तुटलेला नाय. माझ्याकडं फोटो हाय."

"दाखवा ना मग."

"दाखवणार नाय. शब्द दिलाय."

लोक हसले. मीही तोंड लपवलं, खोटं कशाला सांगू. मुरारी मात्र भागोजीच्या बायकोकडे, आनंदीबाईंकडे वळला. नवऱ्यामागे देवीची पूजा त्याच करायच्या.

"आये, डाव्या कोपराखाली, रेड्याच्या तोंडापाशी चार बोटं शेंदूर खरवड. हात नाय निघाला तर दोष मला लागू दे. पुन्हा कॅमेऱ्याला हात नाय लावणार."

आता कुणी हसेना. देवीच्या अंगावरचा शेंदूर खरवडायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आनंदीबाई उठल्या. मग नारळाची करवंटी घेऊन आत गेल्या, देवीच्या पाया पडल्या आणि खरवडू लागल्या. शेंदराचे पापुद्रे पडत राहिले.

"गो बाय!" आतून हाक आली. "बोटं हायत!"

काळ्या दगडाची पाच बोटं रेड्याची जीभ घट्ट धरून होती. तेवढीच जागा उघडी ठेवून आनंदीबाईंनी बाकी मूर्तीवर पदर धरला. सगळ्यांत आधी राजेशने डोकं टेकलं. सोमवारी सावित्रीवर कुणी गेलं नाही. संगमरवरी देवी आता सभामंडपात असते, काळकाई आपल्या जागेवर.

परतताना मी म्हटलं, "आता तरी मला दाखव. मी काय परका आहे?"

"भागोजीला विचार," तो म्हणाला आणि किक मारली.

या माणसाचा मला फार अभिमान वाटतो, हे त्याला मी कधी सांगणार नाही. तो फोटो मी अजून पाहिलेला नाही. आता मागतही नाही.