कन्हानच्या पाण्यातली इंग्रजी

खाप्याहून नागपूरची एसटी सुटली तेव्हा मी खिडकीतून कंडक्टरची नक्कल करून राहिलो होतो. गाडी हासली, खाली उभी माय हासली. माहा दोस्त नामदेव मात्र हासला नाही. बाबा म्हणाले, "नकला पुरे झाल्या गा. मानसावानी राहाजो."

मी मॅट्रिक पास, नामदेव इंग्रजीत लटकला होता.

तसं आम्ही दोघं इंग्रजी शिकलो ते शाळेत नाहीच, कन्हान नदीच्या काठावर. मी आमचा इंग्रजीचा मास्तर व्हायचो, त्याच्यावानीच नाकातून बोलायचो. नामदेव जबाब द्यायचा. नेम एकच: ज्याच्या तोंडून मराठी निघन, त्यानं कपड्यासकट डुबकी मारायची. मी अडलो का तो शब्द फेकायचा. तो लाजला का मी त्याले हासवून बोलता करायचो. हिवाळाभर दोघंही ओले. माय म्हणे, "काहून रे, शाळेत जाऊन राहिला का मासोया धरून राहिला?"

पेपरात मी बाजूले नव्हतो, तिथं तो गारठला.

ऑक्टोबरची परीक्षा देऊन तो नागपूरले येणार होता. मी तिथं नोकरी धरून प्रताप नगरात खोली केली, दुसरी खाट टाकून ठेवली. आरशापुढं इंग्रजी बोलून पाहिलं, पण आरसा माहीच नक्कल करे. तिकडं तो एकटाच गाईड घोकत बसला. पुन्हा लटकला. त्याच्या बाबानं त्याले पिठाच्या चक्कीवर बसवलं. त्या खाटेवर आता माहे कपडे झोपतात.

ऑफिसात फोनवर इंग्रजी बोललो का साहेब म्हणते, "फर्स्ट क्लास!" त्याले काय मालूम, अर्धे शब्द नामदेवचे हायेत.

पुढच्या दिवाळीत गावाले गेलो, त्याले ओढतच नदीवर नेलं. नाकातून इचारलं, "व्हाय आर यू लेट?"

त्यानं हातावरचं पीठ झटकलं. "चक्की चालू होती गा."

"मराठी! हारला बे! मार डुबकी!"

"तूच खेळ. गिऱ्हाईक खोळंबलं हाय," म्हणे, अन् चालला गेला.

मी मागून वरडलो, "नामदेव, थांब ना गा!"

तेही मराठीतच. म्हणजे मीही हारलो होतो. घर म्हणजे काय, मले इचाराल तं एवढंच सांगीन: आपण हारलो का 'मार डुबकी' म्हणणारं कोणीतरी. काठावर कोणीच नव्हतं. मी कोरडाच प्रताप नगरात परत आलो.