शाल, श्रीफळ आणि वाचनालयाची चावी

"मॅडम, तुमच्यामुळं ती इमारत टिकली हो!" असं लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात. मी नुसती मान हलवते आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते. भर बाजारात कुणाकुणाशी भांडू?

जुन्या शहरात, कापडबाजाराच्या मागच्या अंगाला आमचं वाचनालय. निजामाच्या काळातलं. खाली दगडी जोतं, वर चुन्यातल्या हातभर जाड भिंती, कमानीच्या मोठाल्या खिडक्या, आणि दारावरची पाटी अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत. मी त्याच गल्लीत वाढले. लहानपणी तिथं म्हातारे बसायचे. एका पेपरची पानं सुटी करून चौघं वाचायचे आणि पान अदलाबदल करताना भांडायचे. आम्ही पोरी बाहेरच्या पायरीवर बसून त्यांची भांडणं ऐकायचो. आत जायची आमची काय बिशाद!

पुढं बाजार सिडकोकडं, जालना रोडकडं सरकला. कापडवाल्यांच्या पोरांनी तिकडं काचेची दुकानं थाटली आणि इकडं बापांच्या दुकानांची शटरं खाली आली. राहिल्या त्या हातगाड्या, उभ्या केलेल्या मोटारसायकली आणि कबुतरं. म्हातारे एकेक करून गेले. ज्या ऑफिसच्या ताब्यात ती इमारत होती त्यांनी तिथं मोडके बाक, गंजलेली फवारणीची यंत्रं, फाटके मंडप असला कबाडा आणून टाकला. शहराचं नाव बदललं, दुकानांच्या पाट्या बदलल्या. त्या दारातला उकिरडा मात्र कुणी हलवला नाय.

मी फुलंब्रीकडच्या शाळेत मास्तरीण होते. उभी नोकरी एसटीच्या धक्क्यात गेली. रिटायर झाले आणि घरात बसवेना. आमचे हे दिवसभर पेपर वाचणार आणि मला वाचून दाखवणार, म्हणजे दोनदा ताप. एक दिवस तडक ऑफिसात गेले आणि म्हटलं, मला ते वाचनालय उघडून द्या, मी झाडून काढते. तिथल्या क्लार्कला वाटलं, पीडा टळली. ड्रॉवरमधून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "घ्या मॅडम, उघडा, झाडा, काय करायचं ते करा." कागद नाय, सही नाय. आमच्याकडं अर्धी कामं अशीच होतात आणि बरी होतात.

म्हातारे येतील म्हणून मी पेपर लावले होते. आल्या पोरी. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या, भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या. कुणी नकाब काढून खिडकीच्या कडीला अडकवायची, कुणी घरून चटई आणायची. पाणी यायच्या दिवशी सगळा हॉल रिकामा, कारण नळ आला की पोरींनी घरात पाहिजे. ड्रम भरायला पोरगे थोडेच बसतात! दुसऱ्या दिवशी याच पोरी खांदे चोळत बसलेल्या दिसायच्या.

त्यातली पहिली आलेली पोरगी मला सगळ्यांत जवळची. आता हे बोलू नये, पण होती. घर म्हणजे एक खोली. दारात बापाची शिलाई मशीन, आत दोन भाऊ आणि टीव्ही. तिला तलाठी व्हायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं तिला. तिचा बाप आधी एकटाच येऊन जागा बघून गेला. भिंतींकडं बघितलं, खिडक्यांकडं बघितलं.

"पोरगे येतात का इथं?"

"नाय."

"तुम्ही बसता का दिवसभर?"

"मी बहुतेक इथंच मरणार आहे," मी म्हटलं.

तो हसला. "मग येऊ द्या तिला. सरकारी जागा आहे, गल्लीत आहे, तुम्ही आहात. पण मॅडम, इथवरच. लांबच्या अभ्यासिका-बिभ्यासिका आम्हाला जमणार नाय. स्थळं यायला लागलीत. ही बसते तोवर मी थांबवून धरतो."

म्हणजे हिशेब सरळ होता. वाचनालय उघडं, तर पोरीचा अभ्यास चालू. कुलूप लागलं, की लग्न. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, तिच्या बापाला माहीत होतं.

ती पश्चिमेच्या खिडकीत बसायची. खिडकीचा कठडा इतका रुंद की पाय वर घेऊन आरामात बसता यायचं. वाचताना तिचे ओठ हलायचे. आवाज नाय, नुसते ओठ. मला त्याचा भारी राग. "अगं बाई, ओठ मिट! असं वाचलंस तर पेपर अर्धा राहील!" ती मिटायची, आणि पान उलटलं की परत सुरू. शेवटी मी नाद सोडला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून मी तिचे ओठ बघत बसायचे आणि मला फार बरं वाटायचं.

एका पाण्याच्या दिवशी दुपारी छताचा तुकडा पडला. नळ आला होता म्हणून आत कुणी नव्हतं. टेबलाचे दोन भाग झाले. मी दारात उभी राहिले आणि त्या टेबलाशी रोज कोणकोण बसतं ते मोजलं. त्याच आठवड्यात ऑफिसात कुजबूज ऐकली, की इमारत पाडायची आणि तिथं पार्किंग करायचं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. आमची समिती झाली. एक आर्किटेक्ट, एक इतिहासाचे प्राध्यापक, आणि मी. त्या दोघांना कमान दिसायची, चुना दिसायचा, सागवानी तुळई दिसायची. मला पोरी दिसायच्या. पण म्हटलं, असू दे, काम एकच आहे. आर्किटेक्टनं एक फोटो काढला: पश्चिमेच्या खिडकीत पाय वर घेऊन बसलेली माझी पोरगी, हातात पुस्तक, अंगावर तिरपं ऊन. तो फोटो मोबाइलवरनं सगळ्या शहरात फिरला. पेपरात आला. वेरूळला आलेले पाहुणे वाट वाकडी करून खिडकी बघायला यायला लागले. ऑफिसातले साहेब, जे मला ओळख दाखवत नव्हते, ते स्वतःहून आले, खिडकीत उभं राहून फोटो काढून गेले. पार्किंगचं नाव निघेनासं झालं. दुरुस्ती मंजूर झाली.

आणि मग त्यांनी आमचा सत्कार ठेवला.

आमचे हे फुलंब्रीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. निमंत्रण बघून म्हणाले, "जपून जा. आमच्याकडं शेजाऱ्याला बांध कोरायचा असला की तो आधी चहाला बोलावतो."

"तुम्हाला सगळीकडं बांधच दिसतो," मी म्हटलं.

"दिसतो. तू ताबा सोडू नको. दुरुस्ती चालू असेना का, एका कोपऱ्यात चटई टाकून ठेव. कुलूप तुझं राहू दे."

मी त्यांना हसले. नवी साडी नेसले होते, गजरा घातला होता. आयुष्यभर पोरांना शिकवलं, कुणी शाल काय, साधा टॉवेल दिला नव्हता. पोरीपण नटून आलेल्या. त्यांना एकेक गुलाबाचं फूल मिळालं. मला खांद्यावर शाल, हातात नारळ. साहेबांनी भाषणात मला आई म्हटलं. माझे डोळे भरून आले, काय करू! आणि त्याच दमात ते माइकवरून म्हणाले, "आता कामाला सुरुवात करायची, तर आपल्या या माउलीनं आपल्या हातानं वाचनालयाची चावी आमच्या स्वाधीन करावी, अशी मी विनंती करतो."

टाळ्या. कॅमेरे. आमच्या गावात व्यासपीठावर नाही म्हणायची रीतच नाय. शाल अंगावर असताना तर नाहीच नाही. चावी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. मी ती काढली आणि दोन्ही हातांनी, देवाला फूल वाहावं तशी, दिली. पहिल्या रांगेत ती पोरगी बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

काम मात्र चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. चुनाच वापरला, तुळया जुन्याला जुळतील अशा बसवल्या, फरशी घासून आरशागत केली. संध्याकाळी पिवळे दिवे लागले की इमारत अशी दिसते की बघत राहावं. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोरी दप्तरं घेऊन दारात हजर. नवा वॉचमन खुर्ची टाकून बसलेला.

"अंदर नहीं जा सकते मॅडम. परमिशन लेके आओ."

"कसली परमिशन? आम्ही इथलेच आहोत."

"मेरेकू क्या मालूम मॅडम. मेरेकू बोले नहीं छोडने का."

मी ऑफिसात गेले. ज्यांनी आई म्हटलं होतं त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मग आत बोलावून सांगितलं, "मॅडम, आता ती हेरिटेज वास्तू आहे. टेबलं-खुर्च्या टाकल्या की फरशी जाते. वापर करून करूनच तर अशा इमारतींची वाट लागते."

"वापर नव्हता म्हणून वाट लागली होती!" मी अशी ओरडले की शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला. साहेब शांतपणे म्हणाले, धोरण ठरतंय, थोडे दिवस थांबा. समितीतल्या दोघांना फोन केला. प्राध्यापक म्हणाले, तब्येत सांभाळा. आर्किटेक्ट म्हणाला, "मॅडम, बिल्डिंग उभी आहे हे काय कमी आहे?" त्याचं काम झालं होतं. मी फोन ठेवला आणि शाल कपाटातून काढून पायपुसणं करावी असं मनात आलं. केली नाय. अजून कपाटातच आहे.

पोरींना म्हटलं, माझ्या घरी या. आल्या काही, आमच्या बैठकीत दाटीवाटीनं बसल्या. हे पेपर घेऊन मागच्या खोलीत गेले. पण तिचा बाप दाराशी आला, आत आला नाय. "मॅडम, राग मानू नका. सरकारी जागेत बसते म्हटलं की कुणी काय बोलत नाय. लोकांच्या घरी रोज पोरगी कशी बसवू? भाऊबंद विचारतात." मी म्हणाले, थोडे दिवस थांबा. दिवाळी झाली, संक्रांत झाली, मी परत थोडे दिवस म्हणाले. दरवाज्याला ते चकचकीत कुलूप तसंच.

मग तो पत्रिका घेऊन आला. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, बजाजनगरला खोली आहे, निर्व्यसनी आहे. सगळं सांगून झाल्यावर त्यानं पत्रिका माझ्या हातात दिली. "मी वाट बघितली मॅडम. लई बघितली," तो म्हणाला. मला माहीत होतं त्यानं बघितली ते. त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ह्यांनी एका शब्दानं चटईचं नाव काढलं नाय, याचंच मला जास्त लागलं.

लग्नाच्या आधी तिचा फोन आला. "मॅडम, उद्या दुपारी याल का? फोटो काढायचेत, लग्नाआधीचे काढतात ना, तसले. ह्यांच्या मित्रानं वाचनालय बुक केलंय, आता फोटोंसाठी भाड्यानं देतात म्हणे. मॅडम, आपल्याला आत सोडणारेत."

आपल्याला, म्हणाली.

मी गेले. वॉचमननं दोन्ही दारं सताड उघडली होती. आत एकही टेबल नाय, पुस्तक नाय, पेपर नाय. आमच्या चपलांचा आवाज घुमत होता. भाड्यानं आणलेला लांबलचक लाल झगा घातलेली ती, मागून दोन पोरी तो उचलून धरतायत. होणारा नवरा पाया पडला, बिचारा घाबरलेला वाटला. ती भिंतीला हात लावत लावत हॉलभर फिरली. जिथं नकाब अडकवायच्या त्या कडीला हात लावला. नवी पितळी कडी होती. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "किती छान केलंय ना, मॅडम?" मला शिव्या तोंडात आल्या, पण तिच्या अंगावर तो झगा होता आणि डोळ्यांत काजळ होतं. मी म्हटलं, हो गं, छान केलंय.

फोटोग्राफरला तो खिडकीतला फोटो माहीत होता. सगळ्या शहराला माहीत आहे. "ताई, त्या फेमस फोटोसारखा एक काढू. खिडकीत बसा, पाय वर घ्या." त्या फोटोतली पोरगी हीच, हे त्याला कुणी सांगितलं नाय, तिनंही नाय, मीही नाय. त्यानं बॅगेतून एक जाडजूड पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. "उघडा. वाचल्यासारखं करा."

तिनं पुस्तक उघडलं. ऊन तसंच तिरपं आलं होतं. कसलं पुस्तक होतं देव जाणे, पण तिनं खाली बघितलं, आणि तिचे ओठ हलायला लागले.

"ताई, ओठ नका हलवू, फोटो खराब येतो."

"हलवू दे की तिला!" मी ओरडले. हॉल रिकामा, त्यामुळं आवाज केवढा तरी मोठा आला. झगा धरणाऱ्या पोरी दचकल्या.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून डोळा काढला नाय. "आजी, जरा मागं सरका, तुमची सावली पडतीय."

मी सरकले. ती माझ्याकडं बघत होती. मी तिला कितीदा ओरडले असेन, तेव्हा जे जमलं नाय ते आता जमलं. तिनं ओठ मिटले, पुस्तकात बघितलं, आणि त्यानं फोटो काढला.