सोयाबीनचा स्टुडिओ

माझा पहिला रेकॉर्डिंग स्टुडिओ बाबांनी वाशिमला नेऊन हर्रासीत, म्हणजे लिलावात, विकला. भिंतींसकट. खरं म्हणजे भिंतीच विकल्या, कारण स्टुडिओ म्हणजे त्या भिंतीच होत्या!

मी वाशिमजवळच्या अनसिंगचा. शेती करतो आणि रॉक ऐकतो. यातलं पहिलं घरच्यांना मान्य आहे. दुसऱ्याबद्दल माझी मतं ठाम आहेत, आणि कोणी विचारायची वाट न पाहता मी ती सांगतो. ड्रम कानाला नाही, छातीला ऐकू आला पाहिजे! घासूनपुसून चकचकीत केलेल्या अल्बमपेक्षा कॉन्सर्टमध्ये थेट रेकॉर्ड केलेला अल्बम केव्हाही खरा, मग त्यात गायकाचा खोकला आला तरी बेहत्तर! पुण्याला एकदा कॉन्सर्ट ऐकून आलो, तेव्हा निंदणाच्या बायकांनाही मी गिटारचा सोलो तोंडाने वाजवून दाखवला होता. (त्यांनी त्या दिवशी काम लवकर आटोपलं. कौतुकानंच असेल.)

आमचा बँड दोघांचा. गिटार आणि गळा माझा, ड्रमवर गजानन, म्हणजे गजू. तो लग्नसराईत वरातीपुढे वाजवतो आणि उरलेल्या वर्षात माझ्यापुढे. आमचं स्वतःचं गाणंही तयार होतं, भारनियमनावर. अडचण एकच होती, जागेची. शेतमालाच्या टिनाच्या शेडात ड्रम एकदा वाजवला की टीन तो पुन्हा पुन्हा वाजवत बसायचं. असल्या घुमणाऱ्या आवाजात रेकॉर्डिंग करणं म्हणजे विहिरीत तोंड घालून गाणं.

त्या वर्षी सोयाबीनचा भाव पडला. बाबा म्हणाले, भाव आल्याशिवाय दाणा हलवणार नाही. शेड कट्ट्यांनी, म्हणजे भरलेल्या पोत्यांनी, छतापर्यंत भरलं. मी काहीतरी शोधायला दोन थप्प्यांच्या मधे शिरलो, हातावरची धूळ झटकायला टाळी वाजवली, आणि थबकलो. आवाज जिथल्या तिथे मेला होता! घुमला नाही, परत आला नाही, काही नाही! मोठमोठे स्टुडिओ भिंतींना महागडा फोम लावून जे करतात, ते आमच्या सोयाबीननं फुकटात केलं होतं. धावत जाऊन गजूला आणलं. त्यानंही टाळी वाजवली. मग आम्ही दोघं कट्ट्यांमधे उभे राहून आनंदानं टाळ्याच वाजवत सुटलो.

दारातून बाबा पाहत होते. "आरती हाय का?" त्यांनी विचारलं.

मी परवानगी मागितली. कट्टा फोडायचा नाही, एवढ्याच अटीवर ती मिळाली. चारी बाजूंनी थप्प्या रचून मधे ड्रम मांडले आणि तालीम सुरू झाली. भाव वाढला तर स्टुडिओ जाणार, म्हणून सोयाबीनचा भाव पडलेलाच राहावा अशी देवाला विनवणी करणारा जिल्ह्यातला मी एकमेव शेतकरी असेन. बाबा ओसरीवर बसून असायचे. एकदाच म्हणाले, थ्रेशरले बंद करायचं बटन तरी असते. मी ते तांत्रिक कुतूहल समजलो.

आता रेकॉर्डरबद्दल. दिसायला टीव्हीच्या रिमोटएवढा, पण कान कुत्र्याचे! खर्जाचा आवाज कसा पकडावा याबद्दल माझा स्वतःचा एक सिद्धांत होता, की रेकॉर्डर सोयाबीनमधेच रोवायचा. मी एका कट्ट्याची सुतळी सोडली (फोडला नाही, उसवला), दाण्यांत रेकॉर्डर खोवला, नुसतं तोंड वर ठेवलं, आणि गजूला खूण केली.

काय सांगू! असं गाणं आमच्या हातून आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. गजूचा हात कुठे चुकला नाही. वरच्या पट्टीत माझा आवाज नेहमी अर्ध्या वाटेत बसकण मारतो, तो त्या दिवशी थेट पोचला. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या आणि तसेच बसस्टँडवर आलुबोंडे खायला गेलो. तिथे अल्बममधे गाणी कोणत्या क्रमानं असावीत, हे मी गजूला समजावून सांगितलं. आमच्याकडे गाणं एकच होतं, तरी बराच वेळ लागला.

परत आलो तर शेडात नुसते ड्रम उभे. बाकी टीन आणि जमीन. गजूनं सवयीनं टाळी वाजवली. ती घुमली.

ओसरीवर बायको तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या भिंती वाशिमले गेल्या."

बाबांनी धनराजकाकाला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं, हमाल आले, ट्रॉली भरली, असं तिच्याकडून कळलं. एक कट्टा उसवलेला होता, तो बाबांनी घाईघाईत आपल्या हातानं शिवला, हेही कळलं. रेकॉर्डर त्या कट्ट्यात होता, आणि आनंदाच्या भरात मी तो बंदही केला नव्हता!

मोटरसायकल दामटत वाशिमच्या मार्केट यार्डात पोचलो. बाबांच्या ट्रॉलीभोवती गर्दी होती, पण बोली लागत नव्हती. रीत म्हणून दाणा पाहायला खरेदीदार शेठनं कट्ट्यात लोखंडी परखी खुपसली होती आणि ती खण्णकन वाजली होती. आता माझा रेकॉर्डर शेठच्या हातात होता, लाल दिवा चालू. बोलीच्या आधी व्यापारी आपसात जे कुजबुजतात, ते तिसऱ्यानं ऐकू नये अशी यार्डाची रीत आहे. आणि इथे ऐकणारं यंत्रच मालात सापडलं होतं.

"भाऊ, तुमी आमचं बोलणं रेकॉर्ड करून राह्यले?" शेठ बाबांना विचारत होता. तो ओरडत नव्हता, त्याची जास्त भीती वाटली.

"मले हे काय हाय तेच मालूम नाई," बाबा म्हणाले. आमच्या बाबांचा माल यार्डात आजवर न चाळता घेतला जायचा, नुसत्या शब्दावर. आज त्यांच्या शब्दावर कोणाचाच विश्वास बसत नव्हता. यांचा माल यापुढे कोणी घेऊ नका, असं मागून एक जण म्हणाला. बाबांचं तोंड उतरलेलं पाहून माझा जीव गलबलला.

गर्दीत घुसून मी सांगितलं, यंत्र माझं आहे, त्यात गाणं आहे. शेठ म्हणाला, ऐकव.

माझ्या खिशात वायर कायम असते. हर्रासीच्या भोंग्याला रेकॉर्डर जोडला आणि आमचं गाणं अख्ख्या यार्डात दणाणलं! त्या प्रसंगातही माझ्या अंगावर काटा आला. एवढे श्रोते आम्हाला कधी मिळाले नव्हते! खर्ज कसा धरलाय पाहा, असं मी शेठला सांगायलाही लागलो. वरची पट्टी आली तेव्हा शेठनं काळजीनं विचारलं, "याले कोनी मारून राह्यलं का?"

गाणं संपलं. आमच्या मिठ्या आल्या, आलुबोंड्याचा विषय आला. पुढचंही ऐकव, शेठ म्हणाला, म्हणून मी रेकॉर्डिंग पुढे पळवत गेलो: शांतता, मग सुतळी ओवल्याची खसखस, मग ट्रॅक्टर. पुढे यार्डाच्या फाटकापाशी रांगेत इंजिन बंद झालं, आणि भोंग्यातून धनराजकाका बोलले.

"भाऊ, आत्ता काहून विकता? भाव तं पडेल हाय."

मग बाबा. ते नेमके त्याच कट्ट्यावर बसले होते.

"पडू दे. दिवाळीपासून ऐकून राह्यलो, धनराज. म्हैस पान्हा सोडत नाई. तुझी वैनी बहिरी झाल्याचं सोंग करते. पोराले बंद कर म्हनावं तं त्याचं तोंड एवढंसं होते, पाहवत नाई मले. म्हनून त्याले काई म्हनत नाई, भिंतीच विकून टाकतो."

यार्डात जे हसणं फुटलं, ते गजूच्या ड्रमपेक्षा मोठं होतं. हमालांनी पोती खाली ठेवली. चोरून रेकॉर्डिंग करणारा माणूस असलं बोलत नसतो, हे सगळ्यांना पटलं. शेठनं डोळे पुसले आणि बाबांचा हात हातात घेतला. "भाऊ, एवढं सोसलं अन् आमाले एका शब्दानं बोलले नाई?" बोली लागली, ती त्या दिवशीच्या भावाच्या वरच जाऊन थांबली. माल चांगला आहेच, पण वरचे पैसे सहनशीलतेचे, असं शेठनं भोंग्यातून जाहीर केलं.

घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, की गाणं वाईट नाही, पण मधून मधून थांबत जा.

आता तुम्ही म्हणाल, मला लाज वाटली असेल. वाटली. पण त्याहून जास्त मी थक्क झालो होतो. काय रेकॉर्डिंग आलं होतं ते! गोणपाटानं वारा गाळला, दाण्यांनी हादरे पिऊन घेतले, आणि बाबांचा आवाज, त्यातला एकेक श्वास, असा साफ उतरला की पुण्याच्या स्टुडिओवाल्यांनी येऊन शिकून जावं! आजही कोणाला माझं काम ऐकवायचं असलं की मी गाणं नाही, तोच तुकडा लावतो. लोक विचारतात, एवढा गोड आवाज कसा पकडला? मी सोयाबीनचा सगळा सिद्धांत सांगतो. फक्त ते गृहस्थ कोणत्या पोराबद्दल बोलतायत, असं विचारलं की बॅटरी संपते.