खिरापतीचं चौदावं घर

राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची कचेरी भोपाळला आली आणि तिच्यामागून आम्हीही टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत आलो. आमच्या ओळीत मराठी घरं चौदा. प्रत्येकाला खोल्या दोन, ओटा एक, नळ एक. सरकारने बांधताना कुणाची जात विचारली नव्हती. राहिलेलं ते काम शेजारच्या काकूंनी हाती घेतलं.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला पोरींची भुलाबाई बसली. रोज एका घरी जायचं, गाणी म्हणायची, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची आणि खायची. पाळी काकू लावत. मी नऊ वर्षांची, पण मोजणीत पक्की. तेरा घरं झाली, चौदावं लागेना.

"काकू, आमचं घर राहिलं."

"अगं, पोरींना लांब पडतं तुमचं."

काकूंच्या ओट्यापासून आमचा ओटा एकोणीस पावलं, सगळ्यांत लांबचं घर एकशे सहा. तिथे आम्ही दोनदा जाऊन आलो होतो. मी आकडे सांगितले. काकू गोड हसल्या.

"बरं बाई, उद्या तुमच्याकडे. पण आईला म्हणावं, चुलीशी जीव काढू नको. केळी ठेव."

आम्ही चांभार. वडील कारकून, काकूंच्या यजमानांच्याच हुद्द्यावर. दोघांची टेबलं एकमेकांना लागून. पण आमच्या घरचं शिजलेलं चालत नसे, सालीतलं केळं चाले. साल फारच सोवळी असावी.

आईने निरोप ऐकला आणि हरभऱ्याची डाळ भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी अकरा पोरी आल्या. गाणी झाली. मी डबा पुढे ठेवला.

"केळी!" सगळ्या एका सुरात.

"नाही."

फोडणीचा वास ओट्याखाली उतरला होता.

"हिरवी केळी?"

"नाही."

"वेलची केळी?" काकूंची थोरली म्हणाली.

एरवी वासावरून पदार्थ सांगणाऱ्या पोरी. पण नाव घेतलं की खावं लागणार होतं.

आई दारात आली. "केळी संपली असतील, तर आता खिरापत ओळखा ग."

"वाटली डाळ!" काकूंची धाकटी ओरडली. "मला लिंबू पिळून!"

थोरलीने चिमटा काढला. धाकटीने तळहातावर घेऊन खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला. तिचं पाहून आणखी दोघींनी खाल्ली. उरलेल्या आठ जणींना एकदम अभ्यास आठवला. खाणाऱ्या तिघींना घरी गेल्यावर डोक्यावरून आंघोळ घातली गेली. ताप एकीलाही आला नाही.

पुढल्या वर्षी काकूंनी नवी पद्धत काढली. प्रत्येकीने खिरापत आपल्या घरून आणायची आणि आपली आपणच खायची. एका घरचं खावं लागू नये म्हणून तेरा घरांचं बंद झालं. मी गेले नाही. आमच्या ओट्यावरून दिसत होतं: पोरी आपापला डबा मांडीवर घेऊन, त्यात काय असेल ते ओळखत बसल्या होत्या.